मध घरचा, मद्य सरकारचे

मावळातील सुदुंबरे हे गाव संताजी महाराज जगनाडे यांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारा हा टाळकरी व्यवसायाने तेली होता. घाणा हाकावा, तेल विकावे आणि रात्री कीर्तनात उभे राहावे असे ते आयुष्य. त्या घाण्याचे पुढे काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. त्याच्यावर कोणी बंदी घातली नाही. गिरणी आली, डब्यातले तेल आले आणि घाणा आपसूक थांबला. गंमत अशी की अलीकडे तेच लाकडी घाण्याचे तेल शहरातील दुकानांत काचेच्या बाटलीत दामदुपटीने विकले जाते. मात्र ते विकणाऱ्यांत घाणा हाकणाऱ्यांचे वंशज अभावानेच आढळतात.

अशा गावाच्या संदर्भात मद्याचा विषय काढणे अनेकांना औचित्य सोडल्यासारखे वाटेल. गळ्यात तुळशीची माळ घालणारी माणसे येथे आहेत, देहू आणि भंडाऱ्याचा डोंगर हाकेच्या अंतरावर आहे. परंतु घाण्याची जी गत झाली तीच मधाची होऊ घातली आहे. फरक एवढाच की घाण्याच्या बाबतीत जे काम गिरणीने केले, ते येथे कायदा करीत आहे; आणि तेही दारूबंदीचे पवित्र नाव घेऊन. म्हणून हा विषय टाळता येत नाही.

विषय आहे मधापासून घरच्या घरी तयार होणाऱ्या हलक्या पेयाचा. युरोपात त्याला मीड म्हणतात, पोलंडमध्ये ते आजही मानाने पितात, इथिओपियात त्यालाच तेज असे नाव आहे आणि तेथे ते घराघरांत केले जाते. मध आणि पाणी एकत्र करून ठेवले की हवेतले, भांड्यावरचे किंवा फळाच्या सालीवरचे किण्व त्यातील साखरेवर तुटून पडते. साखरेचा काही भाग मद्यार्क होतो, काही कर्बवायू होऊन बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो. शेतीच्याही आधी माणसाला हे गवसले असावे, असे मानायला जागा आहे. कारण पोळे आणि पाऊस या दोनच गोष्टी त्याला लागतात.

मध नुसता असताना आंबत नाही. त्यात पाण्याचा अंश इतका थोडा असतो की किण्वाला तेथे जगताच येत नाही. हाच अंश थोडा वाढला की मध फसफसू लागतो. मावळातील रानात पोळे उतरविणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना ही गोष्ट कोणत्याही प्रयोगशाळेवाचून ठाऊक आहे. पावसाळी हवेत काढलेला आग्याचा मध पातळ असतो, डब्यात ठेवला तर काही आठवड्यांत झाकण उचलतो, आणि मग व्यापारी तो नाकारतो किंवा भाव पाडून घेतो. खाद्यसुरक्षेचे नियम मधात वीस टक्क्यांहून अधिक पाणी चालू देत नाहीत. नियम योग्यच आहे. परंतु जो मध बाजाराला चालत नाही, तोच मीडला उत्तम चालतो, हे येथे नोंदवून ठेवले पाहिजे.

करण्याची रीत लोणचे घालण्यापेक्षा अवघड नाही. सहा-सात लिटरची चिनी मातीची किंवा काचेची बरणी कढत पाण्याने धुऊन कोरडी करावी. अर्धा किलो मध कोमट पाण्यात विरघळवावा. तो उकळू नये, उकळल्याने त्याचा वास उडून जातो. त्यात किलोभर पिकलेली जांभळे किंवा करवंदे हाताने कुस्करून घालावीत (जांभळाची बी फोडू नये, कडवटपणा उतरतो) आणि सारे मिळून पाच लिटर होईल एवढे उकळून निवविलेले पाणी घालावे. फळ नुसत्या चवीसाठी नसते. मधात किण्वाला पोसणारे नत्र फार थोडे असते आणि आंबटपणाही बेताचा. फळामुळे दोन्हींची काही अंशी भरपाई होते आणि करवंद-जांभळाचा तुरटपणा पेयाला अंग देतो. मग चिमूटभर किण्व. द्राक्षमद्याचे यीस्ट मिळाले तर उत्तम. पावाचे यीस्टही काम करते, मात्र चव थोडी ढोबळ येते. सह्याद्रीच्या उतारांवर उन्हाळ्यात लाल फुलांनी लगडणारी धायटी हे आपल्याकडचे जुने आंबवण. वैद्य आसव-अरिष्टांत तीच घालतात.

पहिले दोन-तीन दिवस बरणीला नुसता दादरा बांधून ठेवावा आणि रोज एकदा लाकडी डावाने ढवळावे. फेस ओसरू लागला की फळांचा चोथा गाळून काढावा आणि रस अरुंद तोंडाच्या भांड्यात भरून बुचातून एक रबरी नळी काढावी. नळीचे दुसरे टोक पाण्याच्या पेल्यात बुडालेले असावे, म्हणजे आतला वायू बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत शिरत नाही. हवा शिरली तर मद्याचा शिरका होतो. थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात दोन-तीन आठवड्यांत बुडबुडे थांबतात, गाळ तळाशी बसतो आणि वरची निवळी हलक्या हाताने काढून घेता येते. घाईने घट्ट बुचात भरली तर मात्र उरलेली साखर आतल्या आत आंबत राहून बाटली फुटते. ती फुटल्यावर काचा घरभर होतात, हेही सांगून ठेवलेले बरे.

या पेयात मद्यार्काचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास असते. अर्धा किलो मधात सुमारे चारशे ग्रॅम साखर, किलोभर फळांत आणखी ऐंशी-शंभर ग्रॅम. लिटरमागे सतरा ग्रॅम साखरेतून एक टक्का मद्यार्क निघतो असा ढोबळ हिशोब आहे, तो कोणीही कागदावर करून पाहावा. मध आणखी कमी घातला तर प्रमाण तीन टक्क्यांवरही आणता येते. तुलनेसाठी पाहायचे तर दुकानातील व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के हा आकडा छापलेला असतो. आणि ज्या दशमूलारिष्टाची बाटली बाळंतिणीच्या उशाशी पिढ्यानुपिढ्या ठेवली गेली, त्यातही आंबवणातून आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो. बाटलीच्या कागदावर तसे लिहिलेलेही असते. ते औषध आहे, घोटभर घ्यायचे आहे, हे खरेच. परंतु बरणीत घडणारी क्रिया एकच आहे.

आता कायदा काय म्हणतो? १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने लागू आहे. त्याच्या लेखी परवान्यावाचून मादक पेय तयार करणे हा गुन्हा आहे. कलम ६५ मध्ये त्यासाठी कैद आणि दंड या दोहोंची तरतूद आहे. पाच लिटरची बरणी आणि पाच हजार लिटरची हातभट्टी यांत या कलमाने तत्त्वतः काही भेद केलेला नाही. तोच कायदा औषधी आसवांना सूट देतो, कारखान्याला परवाना देतो, आणि पिणाऱ्याला पिण्याचा परवानाही देतो. मना आहे ते एवढेच, की आपल्या घरात आपल्या हाताने करू नये.

ज्या खात्याकडे या दारूबंदी कायद्याची अंमलबजावणी आहे त्याचे नाव राज्य उत्पादन शुल्क खाते असे आहे. नावातच सारे आले. कोट्यवधी नव्हे, दरवर्षी हजारो कोटी रुपये हे खाते तिजोरीत भरते. लाडक्या-दोडक्या योजनांचा खर्च भागेनासा झाला तेव्हा १० जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढविले, त्यातून वर्षाला चौदा हजार कोटींची जादा भर पडेल असे सांगितले, आणि त्याच निर्णयात धान्यापासून बनविलेल्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाच्या नव्या प्रकाराला मान्यता दिली. त्यापूर्वी २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना प्रोत्साहन देण्याचे धोरण आले होते, त्यालाही राज्यातील व्यसनविरोधी कार्यकर्त्यांनी कडाडून विरोध केला होता. ज्वारी गाळून कडक मद्य काढणे हे राज्याच्या धोरणात बसते. रानातल्या जांभळाचे हलके पेय घरात करणे बसत नाही. याला दारूबंदी म्हणायचे असेल तर शब्दांचे अर्थ नव्याने ठरवावे लागतील.

वस्तुतः हे धोरण स्वातंत्र्यानंतरचे नव्हे. त्याचे मूळ इंग्रजी अमलातील अबकारीत आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्य तयार करण्याचा अधिकार गावाकडून काढून मक्तेदाराकडे आणि मध्यवर्ती भट्ट्यांकडे नेला. १८९२ च्या मोहा कायद्याने तर ठाणे-कुलाब्याकडील आदिवासींनी मोहाची फुले वेचून घरात ठेवण्यावरच निर्बंध आणले. ही फुले दुष्काळात त्यांचे अन्न होती. हेतू नीतिरक्षणाचा नव्हता, करवसुलीचा होता. घरची दारू असली की सरकारी दुकानाची खपत नाही, इतका तो सरळ हिशोब होता. मोहफुलांवरील जाच कमी करण्यासाठी महाराष्ट्राला २०२१ साल उजाडावे लागले.

याच्याशी कौटिल्याची तुलना करून पाहण्यासारखी आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. मद्याचा व्यापार राजाच्या हाती ठेवणारा, पेयाचे माप ठरवून देणारा, दुकानात हेर बसविणारा हा ग्रंथकार काही मवाळ नव्हे. तरीही त्याने कुटुंबवत्सल गृहस्थाला सणासमारंभासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा ठेवली आहे, आणि उत्सव-यात्रांच्या वेळी चार दिवसांची मोकळीक दिली आहे. करासाठी इतका दक्ष असलेला राज्यकारभारही चुलीपाशी थांबत होता. इंग्रज थांबला नाही, आणि त्याच्या मागून आलेल्यांनी त्याचाच कित्ता गिरविला.

इकडे मधाच्या मद्याचे दिवस पालटले आहेत. गेल्या दहा वर्षांत पुणे जिल्ह्यात आणि नाशिकला मीडचे कारखाने निघाले. पुण्याचा मूनशाइन हा देशातील पहिला मीडचा कारखाना मानला जातो. नाशिकच्या सेरानाने तर सातेरी माशीचे शास्त्रीय नावच उचलले. ही मंडळी तरुण आहेत, कल्पक आहेत. परवाना मिळविण्यासाठी त्यांना नियमांच्या ज्या जंजाळातून जावे लागले असेल त्याची कल्पना करता येते. त्यांच्याविरुद्ध येथे तक्रार नाही. तक्रार ही आहे की जे त्यांना कायद्याने मिळाले ते मावळातल्या बचत गटाला मिळण्याची वाटच ठेवलेली नाही. भांडवल, जागा, परवाना शुल्क, तपासणी हे सारे कारखान्याच्या मापाने बेतलेले आहे. परिणामी पोळे उतरविणारा मध विकतो, करवंदे वेचणारी करवंदे विकते आणि त्यांचे मूल्य वाढविणारी क्रिया, जी वास्तविक किण्व फुकट करते, ती दुसऱ्याच्या मालकीची होते. २००१ साली द्राक्षमद्याला राज्याने शुल्कमाफी दिली तेव्हा शेतकऱ्याच्या हिताचे कारण सांगितले होते. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला (गदारोळ उठल्याने तो अमलात आला नाही), तेव्हाही तेच कारण पुढे केले होते. द्राक्षबागाईतदार हा शेतकरी आहे, तर आंदर मावळात कावड घेऊन रानात शिरणारा कोण आहे?

मधाच्या बाबतीत तर त्याची कोंडी दुहेरी आहे. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने बाजारातील तेरा नामांकित छापांचा मध तपासून घेतला, तेव्हा दहा छाप साखरेच्या पाकाची भेसळ ओळखणाऱ्या प्रगत चाचणीत टिकले नाहीत. पाकाच्या भावाशी रानमधाला स्पर्धा करावी लागते. पुण्यात १९६२ पासून मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. पोळे न पिळता, अंडी-अळ्या न मारता मध कसा काढावा हे ती शिकवते. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून घोषित झाले. हे सर्व स्वागतार्ह आहे. मात्र मधाचे गाव घोषित करणाऱ्या राज्याला त्या मधाचे त्याच गावात दुसरे काही होऊ शकते, हे सुचलेले दिसत नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. दारूने या राज्यातील किती संसार बसविले याची मोजदाद कोणाकडे नाही. महात्मा फुले यांनी १८८० साली पुण्यातील दारूच्या दुकानाविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिले, ते गरिबाच्या घरात काय चालते ते त्यांनी पाहिले होते म्हणून. १९७२ नंतर शहाद्याला श्रमिक संघटनेच्या आदिवासी स्त्रियांनी दारूची मडकी फोडली. ती मडकी कोणा भांडवलदाराची नव्हती, गावातलीच होती. १९९२ साली नेल्लोर जिल्ह्यातून उठलेल्या स्त्रियांनी आंध्रात अरक बंद पाडली. गडचिरोलीने १९९३ मध्ये दारूबंदी मिळविली. गावोगावच्या स्त्रियांनी मतदान करून बाटली आडवी केली. या स्त्रियांना कोणी जाऊन सांगावे, की बायांनो, मधाची दारू हलकी असते, ती करू द्या? त्या विचारतील, हलकी तर हलकी, पिणारा तोच ना?

हा प्रश्न चतुराईने झटकणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाच टक्क्यांच्या पेयानेही झिंग येते, पुरेसे प्याले तर पुष्कळ येते. ज्या घरात व्यसन शिरले आहे तेथे कोणतीही बरणी नको, हेही कबूल केले पाहिजे. परंतु दोन गोष्टी नजरेआड करून चालत नाही. एक म्हणजे, संसार बसविणारी दारू ही गाळलेली दारू असते. ती देशी दुकानातील असो की हातभट्टीची, तिचे बळ तिच्या कडकपणात आणि स्वस्ताईत आहे. माणसे मारते तीही मधाची बरणी नव्हे. जून २०१५ मध्ये मालवणीला शंभरावर माणसे गेली ती मिथेनॉलने. ते मिथेनॉल कारखान्यात वापरायचे रसायन होते आणि नफ्यासाठी दारूत मिसळले गेले होते. मध आंबविताना मिथेनॉल नगण्य होते. फळाच्या पेक्टिनमधून जे अल्प तयार होते ते न गाळलेल्या पेयात अपाय करण्याइतके नसते. दुसरी गोष्ट म्हणजे, बरणी घरात असते. घरात काय असावे यावर स्त्रीचा शब्द चालतो असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. तरी गुत्त्यापेक्षा आणि ढाब्यापेक्षा तेथे तो अधिक चालतो. लोणावळ्याला पावसाळी गर्दीत परवान्याची बिअर पावलोपावली मिळते. तीत पाच ते आठ टक्के मद्यार्क असतो आणि तिच्यावर कोणत्याही ग्रामसभेचा अंमल नाही.

तेव्हा रेघ कोठे ओढायची हा खरा प्रश्न आहे. ती भट्टीपाशी ओढावी. इंग्लंडने १९६३ साली घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवाना रद्द केला. अमेरिकेने १९७८ साली घरगुती बिअरला मोकळीक दिली आणि वर्षाकाठी किती करता येईल याची मर्यादा घातली. या दोन्ही देशांत मद्य गाळण्यावर मात्र निर्बंध कायम राहिले. आंबविणे वेगळे आणि गाळणे वेगळे, हा भेद ज्यांच्या कायद्याला कळला त्यांचा समाज त्यामुळे रसातळाला गेला नाही. आपल्या शेजारी गोव्याने तर याहून पुढे जाऊन लहान भट्टीवाल्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिले, २०१६ मध्ये तिला वारसा पेय ठरविले. तेवढे पुढे जाण्याची येथे कोणाची मागणी नाही.

मागणी माफक आहे. मध आणि फळे आंबवून केलेले, पाच-सहा टक्क्यांच्या आतले, न गाळलेले पेय घरच्या उपयोगासाठी ठरावीक लिटरांपर्यंत करण्यास कलम ६५ मधून वगळावे. ते विकायचे असेल तर रानमध व रानमेवा गोळा करणाऱ्यांच्या सहकारी संस्थेला किंवा बचत गटाला तालुक्याच्या पातळीवर परवडेल असा परवाना द्यावा, आणि मद्यार्काची तपासणी दूधसंघात दुधाची होते तशी साध्या घनतामापकाने व्हावी. हे सर्व त्याच गावात लागू व्हावे जेथे महिलांची ग्रामसभा तसा ठराव करील. आणि ज्या दिवशी ती ठराव मागे घेईल त्या दिवशी ते बंद व्हावे. अनुसूचित क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांचे नियमन ग्रामसभेच्या हाती दिलेलेच आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातील गावांना तो अधिकार आहे. मावळच्या डोंगरातील त्याच जमातीच्या माणसांना तो नाही, कारण नकाशावरची रेघ त्यांच्या अलीकडून गेली.

सुदुंबऱ्याची ग्रामसभा असा ठराव करील का? बहुधा नाही करणार. संताजींच्या समाधीपुढे हात जोडणारी, माळ घातलेली माणसे नको म्हणतील आणि तो त्यांचा अधिकार राहील. पण नको म्हणण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यांनाच हवे म्हणण्याचाही असला पाहिजे. आज दोन्ही मुंबईत बसलेल्या एका खात्याकडे आहेत, आणि ते खाते गावाला काही विचारत नाही.

मृगाच्या आधीच्या आठवड्यात मावळात जांभूळ एकदम पिकते. घाटरस्त्याच्या कडेला पाट्या मांडून बसलेल्या बाया सकाळी जो भाव सांगतात तो दुपारी निम्मा होतो, कारण हे फळ दुसरा दिवस पाहत नाही. पावसाची सर आली की गाड्या थांबत नाहीत. उरलेली जांभळे तेथेच ओतून त्या रिकाम्या पाट्या घेऊन परततात, आणि रात्रभर ती जांभळे रस्त्याकडेच्या पाण्यात आपोआप आंबत राहतात.